अंदाजाचे लाकूड

हर्णे बंदरावर उभे राहिले की समोर सुवर्णदुर्ग दिसतो. तट आहे, बुरूज आहेत, महादरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आहे, शेजारच्या भिंतीवर मारुती आहे. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला हे त्याचे तीन सोबती आहेत. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, त्यांत सुवर्णदुर्गही आहे. त्या दिवशी गावात फटाके वाजले. वाजायलाच हवे होते.

पण हा किल्ला ज्यांच्या जिवावर किल्ला होता, ती जहाजे कुठे आहेत? आंग्र्यांच्या आरमारातली एकही गुराब, एकही गलबत आज कुठल्या गोदीत किंवा संग्रहालयात अख्खे उभे नाही. जंजिरा म्हणजे आरमाराचा तबेला, आणि आपल्याकडे तबेला तेवढा उरला आहे, घोडा नाही. यापुढे सुवर्णदुर्ग पाहायला येणाऱ्या माणसाला जहाज दाखवायचे तर ते प्रतिकृतीतूनच दाखवावे लागेल. ती प्रतिकृती जशी असेल तसेच जहाज त्याच्या डोक्यात कायमचे बसेल. म्हणून प्रतिकृतीतल्या बारक्या तपशिलांबद्दल, म्हणजे कठडा, कप्पी, दोर, तोफेचे तोंड यांबद्दल लिहावेसे वाटले. विषय छंदाचा वाटेल, पण तो इतिहासाचाच आहे.

मी शाळेत चित्रकला शिकवत असे. निवृत्तीनंतर लाकडी जहाजे करू लागलो. माझे माप एकास अठ्ठेचाळीस, म्हणजे खऱ्या जहाजाचा एक फूट माझ्या टेबलावर पाव इंच होतो. प्रतिकृती करणाऱ्यांत दोन जाती असतात. काही जण बाजारातून डबा आणतात आणि आतले तयार भाग चिकटवतात. उरलेले सगळे हाताने, शून्यापासून करतात. गुराबेचा डबा कुठे मिळत नाही, त्यामुळे माझी जात परिस्थितीने ठरवली.

शून्यापासून करणाऱ्यांचे जग मोठे आणि विक्षिप्त आहे. अमेरिकेत सरळ रेषेत पाव मैल पळणाऱ्या शर्यतीच्या मोटारी असतात. त्यांच्या एकास पंचवीस मापाच्या प्रतिकृती करणारे लोक आहेत. त्या मोटारींचे इंजिन बहुधा उघडेच असते, झाकायला बॉनेट नसते. म्हणून हे लोक स्पार्क प्लगच्या केसाएवढ्या वायरी, पेट्रोलच्या नळ्या, नळ्यांच्या टोकांच्या चकत्या, सगळे तारेपासून आणि सुईच्या पोकळ नळीपासून बनवतात. कुठली वायर कुठल्या भोकात जाते यावरून त्यांच्यात कडाक्याचे वाद होतात. मला त्यांचा हेवा वाटतो तो एवढ्यासाठी की त्यांचा वाद मिटतो. मोटारीचा फोटो असतो, पुष्कळदा मोटारच कुठेतरी जपलेली असते. जाऊन बघितले की झाले. आमच्या वादात बघायला जायची जागाच १७५६ साली जळून गेली.

शत्रूच्या वहीत

१७५५च्या मार्चमध्ये कमोडोर विल्यम जेम्स मुंबईहून निघाला. त्याच्यासोबत ४४ तोफांचे 'प्रोटेक्टर' हे जहाज आणि आणखी तीन लहान जहाजे होती. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध या वेळी इंग्रज आणि पेशवे एका बाजूला होते. एप्रिलच्या सुरुवातीला जेम्सने सुवर्णदुर्गावर तोफा डागल्या आणि काही दिवसांतच किल्ला पडला. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. बंदरात आंग्र्यांचे आरमार एकमेकांना खेटून उभे होते. त्यांत 'रेस्टोरेशन' नावाचे, आंग्र्यांनी पूर्वी कंपनीकडूनच पकडलेले एक जहाज होते. एक गोळा त्याच्यावर पडला, ते पेटले आणि आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली. संध्याकाळपर्यंत आरमार संपले होते.

या आगीत जहाजांबरोबर आणखी एक गोष्ट गेली. आपल्या किनाऱ्यावरचे सुतार कागदावर नकाशा काढून जहाज बांधत नसत. प्रमाणे डोक्यात असत, हात आणि वीत ही मापे अंगावर असत, आणि आधीचे जहाज समोर पाण्यावर असे. नवे जहाज जुन्याकडे बघून, त्यातली खोड काढून बांधायचे. म्हणजे जहाज हाच जहाजाचा नकाशा होता. इंग्रजांचे तसे नव्हते. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी सागवानात बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका १८१७ साली पाण्यात उतरली. तिचे इंग्लंडहून निघालेले नकाशे वाटेत, १८१२ साली, 'जावा' या जहाजाबरोबर गेले. मग नवीन प्रती मागवल्या आणि काम सुरू झाले. 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे. कागद बुडाला तर कागदाची नक्कल येते. आमचा नकाशा स्वतःच जळाला, त्याची नक्कल कुठून आणणार?

तरीही गुराब कशी होती हे आपल्याला बऱ्यापैकी कळते. ते कळते शत्रूकडून. रॉबर्ट ऑर्म हा कंपनीचा नोकर होता. हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या लढायांचा त्याने लिहिलेला इतिहास १७६३ पासून छापला जाऊ लागला. त्यात तो आंग्र्यांना सरसकट चाचे म्हणतो. पण त्याच पुस्तकात त्याने गुराब आणि गलबत यांचे वर्णन केले आहे, आणि ते एखाद्या सुताराने करावे तसे केले आहे. चाचे म्हटल्याबद्दल त्याच्यावर रागावावे आणि वर्णनाबद्दल त्याचे आभार मानावेत, अशी आपली अडचण आहे. माझ्या टेबलावर त्याची ती दोन पाने कायम असतात.

एक तपशील आणि त्याची लढाई

ऑर्म सांगतो त्याचा सारांश असा. गुराबेला बहुधा दोन डोलकाठ्या असत, काहींना तीन. तीन काठ्यांची सुमारे ३०० टनांची, दोन काठ्यांची १५० टनांच्या आत. लांबीच्या मानाने रुंदी बरीच, तळ उथळ. पुढचा भाग निमुळता होत जाऊन चोचीसारखा पाण्यावर पुढे आलेला. (गुराब हा शब्द मुळात अरबी, अर्थ कावळा. ती चोच पाहिली की नाव पटते.) या चोचीवर भक्कम तक्तपोशी, मुख्य तक्तपोशीच्या पातळीतच. दोहोंच्या मध्ये एक आडवी लाकडी भिंत. त्या भिंतीला दोन भोके आणि त्यांतून नाळेवरून पुढे रोखलेल्या, नऊ किंवा बारा पौंडी गोळ्याच्या दोन तोफा. बाजूच्या तोफा त्याहून हलक्या, सहा ते नऊ पौंडी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे चोचीच्या तक्तपोशीला कठडा नाही. जहाजाच्या बाकी सगळ्या भागाला बाजू आहेत, तिथे नाहीत.

मी पहिल्यांदा ती जागा मोकळी ठेवली तेव्हा बघणाऱ्या प्रत्येकाला ती अर्धवट वाटली. आमच्या गावात शिडाच्या होड्या बांधलेले एक वृद्ध सुतार आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना सगळे आबा म्हणतात. त्यांना मी विचारले, "आबा, इथे कठडा नसेल तर माणसे पडतील ना?"

आबांनी प्रतिकृती हातात घेतली, नाळ वर-खाली केली आणि म्हणाले, "मास्तर, एवढी पुढे गेलेली नाळ लाटेत बुडणारच. कठडा घातलात तर आत आलेलं पाणी तिथंच बसेल. बसलेलं पाणी म्हणजे वजन. नाळेवर वजन झालं की होडी तोंडावर पडते. पाण्याला वाट द्यायची, अडवायचं नाही."

ऑर्मनेही हेच कारण दिले आहे: समोरून लाट आली की गुराब जोरात डुबक्या खाते, म्हणून नाळ उघडी, पाणी आले तसे निघून जावे. आबांनी ऑर्म वाचलेला नाही.

आता या एका तपशिलामागे काय येते ते बघा. नाळ एवढी लांब का? पुढे मारा करणाऱ्या तोफांसाठी. पुढे मारा का? कारण लढण्याची पद्धतच तशी होती. युरोपी जहाज आपली कूस शत्रूकडे करून बाजूच्या सगळ्या तोफा एकदम उडवी. आंग्र्यांच्या गुराबा त्या कुशीसमोर जात नसत. त्या शत्रूच्या पाठीमागे जमत, जिथे त्याच्या तोफा सगळ्यांत कमी. तिथून नाळेवरच्या तोफांनी दुरूनच त्याच्या डोलकाठ्यांवर नेम धरत. तिन्ही काठ्या एकदम नजरेसमोर उघड्या होण्याची वेळ साधून बार काढत. काठ्या मोडल्या की जहाज पांगळे. मग जवळ जाऊन चहूबाजूंनी मारा, आणि तरीही शरण आले नाही तर गलबतांतून दोनदोनशे-तीनतीनशे माणसे तलवारी घेऊन एकाच वेळी चढत. वारा पडलेला असेल तर हीच गलबते वल्ही मारत गुराबांना ओढून नेत.

म्हणजे कठडा लावला की फक्त एक पट्टी जास्त लागत नाही. ते जहाज दुसऱ्याच पद्धतीने लढणारे जहाज होते.

उदबत्तीच्या काड्या

गलबताचे काम अधिक नाजूक. ऑर्मच्या म्हणण्याप्रमाणे ते गुराबेसारखेच बांधलेले, पण लहान, मोठ्यांत मोठे ७० टनांपर्यंतचे. चाळीस-पन्नास वल्ही, तासाला चार मैल वेग. दोन काठ्या, मागची अगदी किरकोळ. मोठ्या काठीवर एकच प्रचंड त्रिकोणी शीड, ज्याचे टोक उभारल्यावर काठीच्याही पुष्कळ वर जाई. बहुतेक गलबतांवर भक्कम तक्तपोशी नसे, वजन कमी राहावे म्हणून चिरलेल्या बांबूंची असे. त्यांच्यावर मोठ्या तोफा नसत. काठावर खुंटीत फिरणाऱ्या छोट्या तोफा असत. मोठ्या गलबतांना मात्र पक्की तक्तपोशी आणि दोन ते चार पौंडी सहा-आठ तोफा.

चिरलेल्या बांबूची तक्तपोशी माझ्या मापात कशी करायची? उत्तर देवघरात सापडले. उदबत्तीची काडी बांबूचीच असते, जाडी साधारण सव्वा मिलिमीटर. ४८ने गुणले तर सहा सेंटिमीटर, म्हणजे चांगला बोटभर जाड बांबू नव्हे, मनगटाएवढा. तो मधोमध चिरला की ऑर्मचे वर्णन हातात येते. नऊ पौंडी गोळ्याचा व्यास सुमारे चार इंच, माझ्या मापात दोन मिलिमीटर, म्हणजे मोहरीचा मोठा दाणा. इंचभर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा. त्यासाठी सुती दोरा चहाच्या पाण्यात रंगवून मेणातून ओढून घेतो, नाहीतर त्याची लव दिसते आणि दोर सुरवंटासारखा वाटतो. काठावरच्या फिरत्या तोफा इंजेक्शनच्या सुईच्या तुकड्यांच्या. वल्ह्यांचे दांडे खराट्याच्या हिरांचे. फळ्यांसाठी सागवान वापरत नाही, जरी खरी जहाजे सागवानी असली तरी. सागाच्या रेषा लहान मापात एवढ्या ठळक दिसतात की फळी फूटभर रुंद भेगांची वाटते. त्यामुळे साग दाखवण्यासाठी बारीक पोताचे शिवण वापरावे लागते. खरे साहित्य वापरले की खोटे दिसते, असे या धंद्यात वरचेवर होते.

मापात बसवलेली माणसे हा आणखी एक धडा. साडेपाच फुटी माणूस माझ्याकडे ३५ मिलिमीटरचा होतो. दोनशे माणसे गलबतावर, हे वाक्य पुस्तकात सहज वाचून होते. मी मातीची माणसे करून एकेक ठेवत गेलो तेव्हा सत्तर-ऐंशीनंतर तक्तपोशी दिसेनाशी झाली. पुढची माणसे काठावर, वल्ह्यांच्या मध्ये, शिडाच्या दोराला लगटून. पाण्याचे पिंप ठेवायला जागा नाही. मग लक्षात येते की हे आरमार आठवडेच्या आठवडे समुद्रावर राहणारे नव्हते. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग यांच्या आडोशाला थांबायचे, जहाज दिसले की बाहेर पडायचे, काम आटोपून परत यायचे. किनाऱ्यावर किल्ल्यांची अशी माळ का लागली, याचे एक उत्तर त्या गर्दीत आहे.

जिथे माहिती संपते

ऑर्मची दोन पाने संपली की प्रतिकृतीची खरी पंचाईत सुरू होते. लेखकाला सोय असते. त्याने 'गुराब बंदरात शिरली' असे लिहिले की ती शिरते. प्रतिकृती करणाऱ्याला सुकाणूचा दांडा कुठून बाहेर येतो ते ठरवावेच लागते. फळ्यांचे सांधे, मागच्या भागाची नक्षी, शिडाचा रंग, नांगर, चूल. सुरतेला फळ्या एकमेकींत खाच करून घट्ट बसवत, ही नोंद अठराव्या शतकातल्या प्रवाशांची आहे. पण सुरतेची नोंद सुरतेची. तीच विजयदुर्गाजवळच्या खडकात खोदलेल्या गोदीत बांधलेल्या जहाजाला लावणे हा अंदाज झाला. चांगला असेल, पण अंदाज.

माझी ही गुराब गावातल्या एका मंडळाच्या कार्यक्रमात मांडायची होती. मंडळाची मुले उत्साही आणि प्रेमळ आहेत. ती बघायला आली आणि जरा हिरमुसली.

"सर, लहान वाटतंय हो. जरा भारदस्त करा की. तीन मजले, बाजूला तीस-चाळीस तोफा."

"अरे, ते इंग्रजांचं जहाज होईल."

"पण लोकांना आवडेल ना."

हा संवाद मी विसरू शकत नाही, कारण त्यांच्या मागणीत एक विचित्र गोष्ट होती. आपले आरमार मोठे होते हे दाखवायला त्यांना ते जेम्सच्या 'प्रोटेक्टर'सारखे दिसायला हवे होते. ज्याने समोरचा किल्ला घेतला, त्याच्या जहाजाचा आकार आपल्या अभिमानाचे माप झाला होता. उथळ तळाची, उघड्या नाळेची, गर्दीने भरलेली ती जहाजे पन्नास वर्षे मोठ्या जहाजांना हैराण करत राहिली, हा पराक्रम त्यांच्या लहानपणातच होता. चाळीस तोफा लावल्या की तोच नाहीसा होतो.

याचे उलट टोक लंडनमध्ये आहे. जेम्स वारल्यावर त्याच्या पत्नीने १७८४ साली शूटर्स हिल या टेकडीवर त्याचे स्मारक बांधले. त्रिकोणी, गॉथिक धाटणीचा, ६३ फूट उंच मनोरा. त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग कॅसल', म्हणजे आपला सुवर्णदुर्ग, इंग्रजी जिभेवर. नावाखेरीज त्यात सुवर्णदुर्गाचे काहीही नाही. जिंकणाऱ्याला साम्याची गरज वाटली नाही. आपल्याला ती वाटली पाहिजे, कारण आपण विजयाचे स्मारक बांधत नाही, हरवलेली वस्तू ओळखू यावी म्हणून बांधतो आहोत.

मग अंदाजाचे काय करायचे? तो टाळता येत नाही. सुकाणूशिवाय जहाज करता येत नाही. यावर इमारतींच्या डागडुजीवाल्यांनी केव्हाच विचार करून ठेवला आहे. १९६४च्या व्हेनिस सनदेचे नववे कलम सांगते की जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. त्यापुढे काही करणे भागच असेल तर ते आजचे आहे हे दिसले पाहिजे. जहाजांच्या बाबतीत अगदी अलीकडचे उदाहरण 'कौंडिण्य'चे आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून, केरळच्या कारागिरांनी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवून बांधलेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले. नकाशा नव्हताच. चित्रावरून आकार ठरवला, आयआयटी मद्रासच्या मदतीने लहान प्रतिकृतीची पाण्यात चाचणी घेतली, मग खरे जहाज. शिडांवरची चिन्हे, तक्तपोशीवरचा हडप्पा पद्धतीचा दगडी नांगर ही मात्र आजच्या लोकांची निवड आहे, आणि ती तशी सांगितलेली आहे. सांगितले की अंदाज खोटा राहत नाही.

यावरून मी माझ्यापुरता नियम केला. ज्या भागाला आधार आहे, मग तो ऑर्मचा असो वा दुसऱ्या कुणाचा, तो तेल लावून गडद केलेला. ज्याला आधार नाही, तो कोऱ्या, पांढुरक्या लाकडाचा. न रंगवलेला, न घासून चकचकीत केलेला. गुराबेची नाळ, आडवी भिंत, पुढच्या दोन तोफा गडद आहेत. सुकाणूचा दांडा, मागची बाजू, नांगर कोरे आहेत. लांबून पाहिले तर जहाजाला कोड फुटल्यासारखे दिसते. कार्यक्रमात मांडले तेव्हा मोठ्यांनी ते काम अपुरे राहिले असे समजून सौजन्याने विषय टाळला. लहान मुलांनी मात्र पहिला प्रश्न तोच विचारला, "हे पांढरं का?" आणि "अजून कुणाला माहीत नाही म्हणून" हे उत्तर त्यांना पुरले. एकीने लगेच विचारले, "मग कुणी शोधतंय का?"

हाच प्रश्न सुवर्णदुर्गावर येणाऱ्या प्रत्येकाला पडावा असे मला वाटते. आता जागतिक वारसा म्हटल्यावर माहिती केंद्रे होतील, फायबरची मोठी जहाजे उभी राहतील, त्यांच्यासमोर फोटो निघतील. ती उभी करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: नाळेला कठडा लावू नका, आणि जे तुम्ही मनाने घातले असेल ते वेगळ्या रंगात ठेवा. पुण्याला पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल आहेत. लाकूड, खिळे, काथ्या, शिडाचे कापड यांचे हिशेब हा राज्यकारभारातला सगळ्यांत रुक्ष आणि सगळ्यांत बोलका कागद असतो. असा एखादा कागद उद्या कुणी वाचला तर माझा सुकाणूचा दांडा बदलावा लागेल. त्याची सोय केलेली आहे. गडद भाग सरसाने कायमचे जोडले आहेत. कोरे भाग नुसते खुंटीवर बसवले आहेत, ओढले की निघतात.